नाझरेकरांचा आकडा

माणसं सकाळी भेटली की नमस्कार करतात. नाझरेकर आकडा सांगायचे. आमच्या कारखान्याची बस दापोडीच्या पुलाजवळ थांबायची. नाझरेकर जेवणाचा डबा सांभाळत चढायचे आणि कुणाकडेही न बघता उजवा हात वर करायचे. हात वर म्हणजे सगळ्यांनी गप्प. वीस-बावीस घोडे झालेले बाप्ये शाळेत बसल्यासारखे गप्प बसत. पुढे लगेच चढ होता. बस तो चढू लागली की इंजिनातून बारीक आवाज यायचा, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. नाझरेकर डोळे मिटून तो ऐकत. चढ संपला की डोळे उघडून जाहीर करत, "अडुसष्ट!" मग खिशातली निळी पेन्सिल काढून खिडकीवरच्या पांढऱ्या पत्र्यावर तारीख आणि आकडा लिहीत. हे सगळं उरकल्यावर मग, "काय मंडळी, बरं आहे ना?"

मी पहिल्या दिवशी बसमध्ये बसलो तेव्हा मला वाटलं, गृहस्थ आकड्यांचा सट्टा खेळतात.

ही पन्नास सालानंतरच्या पाच-सात वर्षांतली गोष्ट. तेव्हा पिंपरी म्हणजे ज्वारीची रानं, निर्वासितांचा कॅम्प आणि मधूनच उगवलेला एखादा कारखाना. आमचा कारखाना रंग आणि वार्निशचा. मी नुकताच बी.एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत चिकटलो होतो आणि शिवाजीनगरहून रोज बसने जात होतो. बस म्हणजे लढाईनंतर लिलावात निघालेला लष्करी ट्रक. त्याला वर पत्रा ठोकला, आत बाकं टाकली आणि स्टाफ बस असं नाव दिलं. नाझरेकर त्याच प्रयोगशाळेत वरच्या जागेवर होते. वय अठ्ठेचाळीसच्या आसपास, अंगात कायम खाकी कोट, आणि कोटाच्या खिशातून डोकावणारी ती निळी पेन्सिल. मी त्यांचा मदतनीस, म्हणजे खरं तर श्रोता.

आकड्याचं गूढ त्यांनी मला पहिल्याच दुपारी उलगडून सांगितलं. लढाईच्या काळात ते लष्कराच्या पेट्रोल तपासणीत होते. तिथे एक-सिलिंडरचं तपासणीचं इंजिन होतं. पेट्रोल वाईट असलं की इंजिन ठोकतं, म्हणजे ठिणगीची आग पोचायच्या आधीच आतला वायू आपला आपण पेटतो आणि टणटण आवाज येतो. किती ठोकतं हे मोजायला दोन शुद्ध द्रव घ्यायचे. एक हेप्टेन. हा महाभयंकर ठोकतो, म्हणून त्याला शून्य मार्क. दुसरा आयसो-ऑक्टेन. हा अगदी शांत जळतो, म्हणून शंभर. आपलं पेट्रोल जर सत्तर भाग ऑक्टेन आणि तीस भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकं ठोकत असेल, तर त्याचा आकडा सत्तर.

"आणि तुम्ही हे नुसत्या कानाने ओळखता?" मी विचारलं.

"चार वर्षं त्या इंजिनाशेजारी बसून काढली. लग्नाच्या बायकोचा आवाज माणूस ओळखतो की नाही?" असं म्हणून ते थोडे थांबले. "म्हणजे, असं म्हणतात. आम्हाला अनुभव नाही."

ते अविवाहित होते. पण एकटे नव्हते, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. दापोडीला थोरले भाऊ, वहिनी, चार पुतणे. पुतण्यांच्या हकिगती आम्ही बसमध्ये इतक्या ऐकल्या होत्या की त्या पोरांच्या परीक्षांची आम्हालाच धास्ती वाटायची.

ऑक्टेन हा नाझरेकरांचा कुलस्वामी. हेप्टेनमध्ये कार्बनचे सात अणू एका सरळ रांगेत, एकमेकांचा हात धरून उभे. आयसो-ऑक्टेनमध्ये आठ, पण रांग पाचांचीच. दुसऱ्या कार्बनला वर एक फांदी, खाली एक फांदी. चौथ्याला आणखी एक. "सरळ साखळी दाब आला की तुटते आणि पेट घेते," ते सांगायचे. "फांद्या असलेला रेणू धरून राहतो. आग पोचेपर्यंत थांबतो. मुद्दा फांदीचा आहे, राव!"

हे "मुद्दा फांदीचा आहे" त्यांना कुठेही चालायचं. राजकारण, भाताचा भाव, कुणाची बदली, काहीही निघालं तरी शेवट फांदीवर. माणसांनाही ते मार्क देत. आमचे मॅनेजर जरा काही झालं की टेबल आपटत. ते शुद्ध हेप्टेन. "दाब वाढला की ठोकतात. बिचाऱ्यांचा इलाज नाही, रचनाच तशी." मला त्यांनी चाळीस दिले होते. माझं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा एकदम साठ केले आणि म्हणाले, "पोरंबाळं होऊ द्या, शंभरापर्यंत जाल."

मला रेणू समजावा म्हणून त्यांनी तो घरून करून आणला. भिजवलेले आठ हरभरे म्हणजे कार्बन, अठरा मटक्या म्हणजे हायड्रोजन, आणि खराट्याच्या हिराचे तुकडे म्हणजे त्यांना जोडणारे हात. डब्याच्या वरच्या कप्प्यात रेणू, खालच्या कप्प्यात पोळीभाजी. बसमध्ये तो हातोहात फिरला आणि परत आला तेव्हा त्यात पंधराच हायड्रोजन होते. तीन स्टोअरच्या कारकुनाने खाल्ले होते. नाझरेकर त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. उरलेला रेणू प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवला, तर दुसऱ्या दिवशी मटकीला आणि तिसऱ्या दिवशी हरभऱ्याला मोड आले. शास्त्राच्या इतिहासात ऑक्टेनला मोड आल्याची ती पहिलीच वेळ असावी. मी हसलो. नाझरेकर हसले नाहीत. मोड आलेले दाणे त्यांनी रुमालात बांधून घरी नेले, मी समजलो उसळीसाठी.

आता बसचा ड्रायव्हर धोंडिबा. हा जवळच्या चिखली गावचा, मूळचा शेतकरी, लढाईत ट्रक हाकायला शिकलेला. नाझरेकरांवर त्याचा फार जीव. चढ आला की तो मुद्दाम गिअर न बदलता गाडी वर रेटायचा, काकांना नीट ऐकू यावं म्हणून. आणि आकडा जाहीर झाला की मागे वळून म्हणायचा, "काका, पास का नापास?"

त्या वर्षी मात्र आकडा घसरू लागला. अडुसष्टचे सहासष्ट झाले, मग चौसष्ट, मग बासष्ट. "धोंडिबा, तुझं पेट्रोल बिघडत चाललंय," नाझरेकर म्हणायचे. धोंडिबा म्हणायचा, "पेट्रोल न्हाई काका, विंजान. आत काजळी धरलीया. खोलून खरवडा म्हून चार येळा सांगितलं हापिसात. कोन ऐकतंय?" पण नाझरेकरांचा कान म्हणजे कान. त्यांनी पेट्रोललाच दोष दिला आणि निळ्या पेन्सिलीने साठ लिहिले, मग अठ्ठावन्न.

आणि मग मार्गशीर्षातल्या एका थंड सकाळी मॅनेजरसाहेबांची मोटार बंद पडली आणि ते आमच्या बसने आले. नेमके नाझरेकरांच्या खिडकीशी बसले. वर पाहतात तर पत्र्यावर वर्षभराच्या तारखा आणि उतरत जाणारे आकडे. आमचा कारखाना आकड्यांवर चालायचा. रंग किती घट्ट, वार्निश किती वेळात वाळतं, सगळं प्रयोगशाळेच्या आकड्यावर. तिथल्या माणसाने लिहिलेला आकडा खोटा असू शकतो हे साहेबांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. नाझरेकरांनी मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं. हेप्टेन, ऑक्टेन, फांदी, सगळं. "म्हणजे पेट्रोलचा दर्जा उतरतोय," साहेब म्हणाले. "कशाने उतरतो?" आणि नाझरेकर परीक्षेत प्रश्न आल्यासारखे चटकन बोलून गेले, "बहुतेक वेळा रॉकेल मिसळल्याने."

संध्याकाळी धोंडिबाच्या हातात पत्र पडलं. पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ केल्याचा संशय, चौकशी शनिवारी, तोवर गाडीला हात लावायचा नाही.

धोंडिबाला वाचता येत नव्हतं. पत्र मीच वाचून दाखवलं. तो म्हणाला, "चोर म्हून काढलं तर दुसऱ्या कंपनीत तरी कोन घील? घरात नऊ मान्सं हायती." नाझरेकर शेजारी उभे होते. "काका, तुमी तरी सांगा," धोंडिबा म्हणाला, "मी घासलेट घातलं आसंल का वो?" नाझरेकरांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी बदली ड्रायव्हरने बस आणली. नाझरेकर चढले, पण हात वर झाला नाही. चढावर इंजिन नेहमीसारखं ठोकलं. कुणी आकडा विचारला नाही, त्यांनी सांगितला नाही.

कारखान्यात पोचल्यावर ते थेट बसच्या टाकीकडे गेले आणि बाटलीभर पेट्रोल काढून प्रयोगशाळेत आले. आधी टीपकागदावर एक थेंब टाकला. पेट्रोल असेल तर उडून जातं, रॉकेल असेल तर तेलकट डाग मागे राहतो. कागद कोरडा झाला, डाग नाही. मग पेट्रोल चंबूत घालून उकळायला ठेवलं. रॉकेल उशिरा उकळतं, ते असतं तर शेवटी तळाशी रेंगाळलं असतं. तसं काही रेंगाळलं नाही. सगळं पेट्रोल वेळेत वर गेलं. नाझरेकरांनी तीनदा करून पाहिलं. मग ते बसचा एक प्लग काढून घेऊन आले. त्यावर कोळशासारखी काजळी चढली होती.

"पेट्रोल उत्तम आहे," ते स्टुलावर बसत म्हणाले. "काजळी साचली की सिलिंडरमधली जागा कमी होते, दाब वाढतो, काजळी तापून लाल होते. मग चांगलं पेट्रोलही ठोकतं. धोंडिबा चारदा सांगत होता. मी इंजिनाचं दुखणं पेट्रोलच्या नावावर लिहीत बसलो." त्यांनी पेन्सिल खिशातून काढून टेबलाच्या खणात टाकली. "माझा कान बरोबर होता हो. अक्कल चुकली."

शनिवारी चौकशीला मीही होतो, चंबू आणि टीपकागद सांभाळायला. टेबलामागे मॅनेजर, बाजूला धोंडिबा पटका हातात घेऊन उभा. नाझरेकरांनी सगळं मांडलं आणि सरळ सांगितलं, "साहेब, पत्र्यावरचे आकडे माझे आहेत आणि ते चूक आहेत." ज्या माणसाने तीन मटक्यांसाठी कारकुनाशी अबोला धरला होता, त्याच्या तोंडून "मी चुकलो" ऐकणं मला जड गेलं.

पण साहेब हेप्टेन असले तरी मठ्ठ नव्हते. "हे तपासलंत ते परवाचं पेट्रोल," ते म्हणाले. "मागच्या महिन्यांचं काय? तेव्हा रॉकेल घातलं नव्हतं कशावरून?"

नाझरेकरांनी टीपकागद बाजूला सारला. "क्रमावरून, साहेब. भेसळ रोज सारखी होत नसते. आज घातली, उद्या नाही. आवाज वरखाली झाला असता. काजळी मात्र रोज थोडी थोडी चढते. हा आवाज वर्षभर एकाच चालीने वाढत गेलाय. एकाही दिवशी कमी झाला नाही. भेसळ असती तर मला कळली असती."

"एकही दिवस न चुकता तुम्ही ऐकलंय?"

"एकही चुकवला नाही. रोज दापोडीपासून."

साहेबांनी एक फाईल पुढे ओढली, पानं उलटली आणि चष्मा वर केला. "नाझरेकर, गेल्या वर्षीच्या दिवाळीत तुम्हाला गेटमागची दोन नंबरची खोली दिलीय. तिथे राहायला गेल्याची तुमची सही आहे. गेटपासून पन्नास पावलं. मग दापोडीहून रोज कसे चढता?"

मला वाटलं, काहीतरी कारकुनी चूक असेल. नाझरेकर खाकी कोटाची गुंडी लावत होते, काढत होते.

"चढत नसाल," साहेब म्हणाले, "तर वर्षभराचा तुमचा आवाज गेला. पत्र मागे घ्यायला मला दुसरा आधार नाही."

धोंडिबा त्यांच्याकडे बघत होता. नाझरेकरांनी गुंडी सोडली.

"चढतो, साहेब. सकाळच्या पॅसेंजरने इथून दापोडीला जातो आणि आपल्या बसने परत येतो. संध्याकाळी बसने दापोडीला जातो, आणि गाडीने परत."

"रोज? कशासाठी?"

"भावाची नागपूरला बदली झाली. मंडळी त्या दिवाळीपूर्वीच गेली. खोली चांगली आहे साहेब, तक्रार नाही. पण सकाळी उठल्यापासून कुणाशी बोलायला मिळत नाही. बसमध्ये माणसं असतात." मग ते कसंनुसं हसले. "मी सरळ साखळीतला, साहेब. हेप्टेन."

मॅनेजरांनी त्या दिवशी टेबल आपटलं नाही. फाईल मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "पत्र मागे घेतो. धोंडिबा, सोमवारी इंजिन खोलायला लाव. आणि नाझरेकर, खोली असलेल्याला बस वापरता येत नाही. नियम आहे. माझा इलाज नाही."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. वर्षभर मी त्या माणसाच्या शेजारी बसलो होतो. पुतण्यांच्या ज्या हकिगती तो सांगत होता त्या सगळ्या जुन्या होत्या, एकही पोरगं वर्षभरात पुढच्या इयत्तेत गेलं नव्हतं, आणि हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

इंजिन खोललं. वाटीभर काजळी निघाली. गुरुवारी धोंडिबाने बस आणली. दापोडीला सवयीने थांबवली. कुणी चढलं नाही. तरी तो जरा वेळ थांबलाच. मग चढ लागला आणि गाडी चकार शब्द न काढता वर गेली. आम्हीही सगळे गप्प होतो. हात वर करायला मात्र कुणी नव्हतं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत धोंडिबा प्रयोगशाळेच्या दारात येऊन मला म्हणाला, "चला, काकांच्या खोलीवर जाऊ. आज डबा खायला हितं आलं न्हाईत."

गेटमागे पन्नास पावलं चाललो. दार उघडंच होतं. एक खाट, एक स्टोव्ह, दोरीवर दुसरा खाकी कोट. खिडकीत वार्निशचं रिकामं डबडं, आणि त्यात मातीत एक हरभऱ्याचं रोप. वीतभर उंच, काटकुळं, एकाच दांड्याचं. मोड आलेल्या दाण्यांची उसळ झालीच नव्हती तर.

"बसा, बसा," नाझरेकर गडबडीने उठले. इतकी माणसं आल्याची त्या खोलीला सवय नसावी. कोणाला कुठे बसवावं ते त्यांना सुचेना. मी रोपाकडे बघतोय हे पाहून म्हणाले, "आपल्या ऑक्टेनमधला दुसरा कार्बन. बाकीचे जगले नाहीत. त्याला हायड्रोजन एकही नव्हता, आठवतंय ना? चारही बाजूंना कार्बनच. चारही बाजूंना आपली माणसं. म्हणून म्हटलं, हा लावून बघू." त्यांनी डबडं उजेडाकडे वळवलं. "पण वाढला बघा कसा. सरळसोट. हेप्टेन निघाला."

धोंडिबा खिडकीपाशी गेला. त्याने रोप दोन बोटांत धरून खालीवर पाहिलं आणि काही कळायच्या आत टचकन त्याचा शेंडा खुडला.

"अरे! अरे, काय केलंस!" नाझरेकर ओरडलेच.

"काका, आवो हरबऱ्याचा शेंडा खुडाया लागतो," धोंडिबा म्हणाला. "आमी रानात सगळाच खुडतो. न्हाई खुडला तर नुसता उंच जातोय. आता धा-पंधरा दिसांत बगा, बाजूनं कशा फांद्या फुटत्यात." खुडलेला शेंडा त्याने नाझरेकरांच्या तळहातावर ठेवला. "आन् ऐतवारी चिखलीला यायचं. सकाळीच सायकल घिऊन येतो, डबलशीट जाऊ. नऊ मान्सं हायती घरात, बोलून बोलून डोकं उठिवत्यात. आई म्हनली, ज्या मान्सानं आपली भाकर राखली त्यानला दर ऐतवारी जेवाया आन. हे डबडं बी संगं घ्या, रानात लावू. मुद्दा फांदीचा हाय न्हवं?"

नाझरेकरांकडे प्रत्येक गोष्टीचा आकडा असायचा. आज नव्हता. ते तळहातावरच्या त्या चार हिरव्या पानांकडे बघत राहिले, मग त्यांनी ती तोंडात टाकली.

"फार आंबट आहे हो," ते म्हणाले, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसून आमच्यासाठी चहाचं आधण ठेवायला उठले.